आजी पडल्या त्या पहाटेपासून : नाशिकमधील एका कुटुंबाचा प्रकरण अभ्यास

गेली चौदा वर्षे मी नाशिक शहरात घरोघरी जाऊन फिजिओथेरपीचे काम करते. पडून मांडीचे हाड मोडलेले वृद्ध हा माझ्या कामातला मोठा भाग असल्यामुळे शस्त्रक्रियेनंतर पाय कसा उचलायचा, वॉकर कसा धरायचा, जिना कधी चढायचा यांची उत्तरे आता हाताशी असतात. पुढील प्रकरण मी लिहायला घेतले ते त्या उत्तरांसाठी नव्हे. या घरात हाड वेळेत जुळले आणि शस्त्रक्रियाही चांगली झाली; तरीही पहिले तीन आठवडे घर कोसळण्याच्या बेतात होते. जी व्यक्ती पडली तिच्याच हातांवर ते घर चालत होते, आणि हे पहिल्या आठवड्यात घरातल्या कोणाच्या लक्षात आले नाही, माझ्याही नाही. कुटुंबाच्या परवानगीने हे लिहीत असून ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

घर आणि माणसे

सिडकोत त्रिमूर्ती चौकाच्या आतल्या बाजूला, योजनेतल्या मूळच्या लहान घरावर मागाहून एक मजला चढवलेले हे घर आहे. खाली पुढची खोली, स्वयंपाकघर आणि त्याला लागून मोरी व संडास. लोखंडी जिन्याने वर गेले की मुलाच्या कुटुंबाच्या दोन खोल्या. आजी बहात्तर वर्षांच्या, आजोबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. आजोबांना दोन वर्षांपूर्वी पक्षाघात झाला असून उजवा हात जवळजवळ निकामी आहे, उजव्या पायात जोर कमी आहे आणि बोलणे अडखळत होते. मुलगा अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात सीएनसी मशीनवर काम करतो आणि त्याची पाळी दर आठवड्याला बदलते. सून एका औषधांच्या घाऊक दुकानात हिशेब सांभाळते. सकाळी दहा ते संध्याकाळी सात अशी तिची वेळ आहे. नात दहावीत, नातू चौथीत. लेक सिन्नरला दिलेली.

कामावर जाणारी दोन माणसे, शाळेत जाणारी दोन मुले, एक आजारी वृद्ध आणि ‘घरीच असणाऱ्या’ आजी, असे या घराचे वर्णन मुलाने पहिल्या भेटीत माझ्यापुढे केले. ‘आई घरीच असते’ हे वाक्य त्याने सहज उच्चारले आणि मीही ते तितक्याच सहजपणे माझ्या नोंदीत उतरवून घेतले.

ती पहाट

जानेवारी 2025, संक्रांतीनंतरचा आठवडा. नाशिकच्या थंडीत पहाटेची फरशी पायाला चटका बसावा इतकी गार असते. आजी नेहमीप्रमाणे पाच वाजता उठल्या, आजोबांना लघवीचे भांडे दिले, ते रिकामे करून धुतले आणि नळाला पाणी आल्याचा आवाज ऐकून मोटार लावायला स्वयंपाकघरात गेल्या. आजोबांचा नुकताच पुन्हा डोळा लागला होता, म्हणून त्यांनी दिवा लावला नाही. मोटारीच्या पाइपचा जोड बरेच दिवस गळत होता आणि त्याखाली एक जुने गोणपाट टाकलेले असे. ते गोणपाट भिजून मोरीच्या चार इंची उंबऱ्याशी सरकले होते. त्यावर डावा पाय पडला, पाय पुढे गेला आणि आजी डाव्या कुशीवर उंबऱ्यावर आदळल्या.

त्यांनी हाक मारली, पण मोटारीच्या आवाजात ती वर पोहोचली नाही. आजोबांना मात्र ती ऐकू आली. त्यांना उठता येईना, ओरडावे तर शब्द फुटेना. पलंगाशेजारच्या स्टुलावर रात्रीच्या पाण्याचा स्टीलचा पेला होता. तो डाव्या हातात घेऊन ते पलंगाच्या लोखंडी दांड्यावर मारत राहिले. पाणी अंगावर सांडले, तरी त्यांनी मारणे थांबवले नाही. वर नात अभ्यासाला उठली होती. दहावीची परीक्षा महिन्यावर आली होती. आधी तिला वाटले की शेजारी कोणी काहीतरी ठोकत आहे. आवाज थांबेना तेव्हा ती खाली आली. तोवर जवळजवळ चाळीस मिनिटे झाली होती, मोटार चालूच होती, टाकी भरून वाहत होती आणि आजींचे अंग गार पडले होते.

त्यानंतरच्या अर्ध्या तासात जे झाले ते बहुतेक घरांत होते. सून आणि शेजारच्या दोघांनी मिळून आजींना काखेत धरून उचलले आणि प्लास्टिकच्या खुर्चीत बसवले. वेदनेने त्यांची शुद्ध हरपल्यासारखी झाली. कोणी आयोडेक्स लावले, कोणी चहा पाजला, गल्लीतल्या एका ज्येष्ठ गृहस्थांनी ओळखीच्या हाडवैद्याकडे नेण्याचा सल्ला दिला आणि गाडी काढण्याची तयारीही दाखवली. त्यांची तळमळ खरी होती, पण मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला झालेला अस्थिभंग चोळून किंवा पट्टी बांधून जुळत नाही. उलट हलवाहलव जितकी अधिक तितका आतला रक्तस्राव आणि वेदना अधिक. अशा वेळी पडलेल्या माणसाला आहे तिथेच ठेवावे, अंगावर पांघरूण घालावे, दुखऱ्या पायाच्या दोन्ही बाजूंना उशा लावाव्यात, तोंडावाटे काही देऊ नये आणि 108 क्रमांकाला फोन करावा. राज्यात ही मोफत रुग्णवाहिका सेवा 2014 पासून आहे, पण घाबरलेल्या माणसाला ऐन वेळी तो आकडा आठवत नाही.

ओळखण्याची खूण नातीच्या नजरेने टिपली होती. आजींना खुर्चीतून पुन्हा गादीवर निजवल्यावर ती म्हणाली, “मम्मी, आजीचा हा पाय छोटा झालाय.” डावा पाय उजव्यापेक्षा आखूड दिसत होता आणि पाऊल बाहेरच्या बाजूला पूर्ण वळलेले होते. खुब्याजवळचे हाड मोडल्याची ही जवळजवळ नेमकी खूण आहे. तिसऱ्या पाळीवरून सात वाजता घरी आलेल्या मुलाने ते पाहिले आणि हाडवैद्याचा विषय तिथेच संपला.

रुग्णालयातले दिवस

एक्स-रेमध्ये इंटरट्रोकँटेरिक, म्हणजे खुब्याच्या सांध्याच्या किंचित खालचा, अस्थिभंग दिसला. हाडाच्या पोकळीतून धातूची नेल, म्हणजे सळई, बसवून तो स्थिर करतात. वृद्ध माणसाच्या बाबतीत ही शस्त्रक्रिया शक्य तितक्या लवकर, साधारण 48 तासांच्या आत व्हावी असा प्रयत्न असतो. कारण धोका मोडक्या हाडाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, अंथरुणाला खिळून राहण्यात असतो. छातीत कफ साठून न्यूमोनिया होणे, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होणे, पाठीला बेडसोअर, म्हणजे दाबाने जखमा, होणे, लघवीचा संसर्ग, ही सगळी पडून राहिल्याची फळे आहेत. आजींच्या रक्तातले सोडियम थोडे कमी होते. ते सुधारून, हृदयाची टूडी इको तपासणी करून दुसऱ्या दिवशी दुपारी शस्त्रक्रिया झाली.

पैशांचा प्रश्न पहिल्याच तासात समोर आला होता. मुलाचा पगार एकवीस हजारांच्या वर गेल्यापासून कुटुंब राज्य कामगार विम्यातून बाहेर पडले होते. कंपनीच्या गटविम्यात आपले आईवडील आहेत अशी मुलाची समजूत होती. कागद काढून पाहिला तर त्यात पती-पत्नी आणि मुले एवढेच होते. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राने वेगळी वाट दाखवली. सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक नागरिकाला, उत्पन्न कितीही असो, वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण देणारे आयुष्मान वय वंदना कार्ड ऑक्टोबर 2024 पासून मिळू लागले आहे आणि त्यासाठी आधार कार्डावरचे वय पुरेसे आहे. आजींचे कार्ड काढलेलेच नव्हते. बोटांचे ठसे घ्यायला गेले तर यंत्र ते स्वीकारीना. पन्नास वर्षे भांडी घासलेल्या त्या बोटांवरच्या रेषाच झिजून गेल्या होत्या. आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक आजोबांचा, तोही बंद पडलेला. शेवटी चेहऱ्याच्या पडताळणीवर काम झाले. ज्यांच्या घरी सत्तरी ओलांडलेले माणूस आहे त्यांनी हे कार्ड आजच काढून ठेवावे आणि आधारला चालू क्रमांक जोडलेला आहे ना हे पाहावे, असे मी आता प्रत्येक घरी सांगते. अपघाताच्या दिवशी ही धावपळ करणाऱ्या मुलाला आईजवळ उभे राहायला वेळ मिळाला नाही, याचे त्याला अजून वाईट वाटते.

शस्त्रक्रियेनंतरच्या रात्री घर सर्वांत जास्त हादरले. रात्री एकच्या सुमाराला आजी उठून बसण्याची धडपड करू लागल्या, सलाईनची नळी ओढू लागल्या. “दूध उतू चाललंय, सोडा मला,” असे म्हणत त्यांनी सुनेचा हात झिडकारला आणि तिलाच विचारले, “तू कोण गं? इथं कशाला आलीस?” सून लग्न झाल्यापासून त्यांना आई म्हणते आहे. ती बाहेर जिन्यात बसून रडली. सकाळी नणंद आली तेव्हा तिच्या तोंडून निघून गेले, “आईला वेड लागलं की काय?”

ते वेड नव्हते. शस्त्रक्रिया, वेदना, भूल, अनोळखी खोली आणि मोडलेली झोप या सगळ्यांमुळे वृद्ध माणसाच्या मेंदूला काही काळ येणारा हा संभ्रम असतो. वैद्यकात त्याला डेलिरियम म्हणतात. खुब्याच्या अस्थिभंगानंतर तो वारंवार दिसतो, रात्री वाढतो आणि बहुतेकदा काही दिवसांत ओसरतो. तो अंगावर आल्यास डॉक्टरांना लगेच सांगावे लागते, कारण त्यामागे संसर्ग किंवा क्षारांचा बिघाडही असू शकतो. त्यासोबत साध्या गोष्टींचा उपयोग होतो. आजींचा चष्मा घरीच राहिला होता. तो आणून डोळ्यांवर चढवला. दिवसा खिडकीचा पडदा उघडा ठेवला, रात्री मंद दिवा आणि एकच ओळखीचे माणूस जवळ ठेवले. तिसऱ्या रात्री त्या शांत झोपल्या. परंतु त्या एका प्रश्नाने सुनेच्या मनाला जी जखम झाली तिच्याविषयी कोणी बोलले नाही आणि पुढच्या भांडणात ती वर आली.

वहीचे शेवटचे पान

पाचव्या दिवशी आजी घरी आल्या आणि सातव्या दिवशी मी पहिल्यांदा त्या घरी गेले. मी नेहमीप्रमाणे पायाकडे पाहिले. पुढच्या खोलीतला दिवाण फार बुटका होता. त्यावरून उठताना गुडघे खुब्याच्या वर येत होते आणि सगळा भार नव्या नेलवर पडत होता. मी त्याच्या पायांखाली लाकडी ठोकळे लावायला सांगितले. भाड्याने आणलेल्या वॉकरची उंची आजींच्या मनगटाशी जुळवली. घोटे वरखाली करणे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून मांडी आवळणे, टाच गादीवरून सरकवत गुडघा वाकवणे हे व्यायाम शिकवले. चालताना आधी वॉकर, मग दुखरा पाय, मग चांगला पाय, हा क्रम तीनदा म्हणवून घेतला. खोलीच्या दुसऱ्या बाजूला आजोबा पडून होते. मी त्यांना नमस्कार केला आणि निघाले. ही माझी चूक होती.

दोन दिवसांनी सुनेचा फोन आला, आजींसाठी नव्हे, आजोबांसाठी. त्यांच्या कंबरेखाली माकडहाडावर बांगडीएवढा लाल चट्टा उठला होता आणि बोटाने दाबला तरी तो पांढरा पडत नव्हता. बेडसोअरची ही पहिली पायरी आहे. शिवाय दोन दिवस त्यांना रक्तदाबाची गोळी दोनदा दिली गेली होती. एकदा मुलाने सकाळी पाळीवर जाण्यापूर्वी, एकदा सुनेने नाश्त्यानंतर. मी तातडीने गेले आणि विचारले की त्यांना कूस कोण बदलून देत होते, उजव्या हाताचे व्यायाम कोण करून घेत होते. कोणालाच सांगता येईना. दोन वर्षे हे सगळे आजींनी केले होते. त्यांनी ते कोणाला शिकवले नव्हते, कारण ते शिकवण्यासारखे काही आहे असे त्यांना वाटतच नव्हते.

तेव्हा मी नातीला तिच्या वहीचे मागचे पान उघडायला सांगितले आणि आजींना म्हटले की पहाटे उठल्यापासून रात्री डोळा लागेपर्यंत तुम्ही काय काय करता ते सांगा. आजी आधी संकोचल्या. “काय करते मी? घरातलंच तर.” मग सांगू लागल्या आणि नात लिहीत गेली. पाणी भरणे, मोटार बंद करणे, दूध घेणे. आजोबांचे भांडे, दात घासणे, दाढीचे सामान मांडणे, सकाळच्या तीन, दुपारच्या एक आणि रात्रीच्या दोन गोळ्या. दर दोन तासांनी कूस. दुपारी हाताला तेल लावून बोटे एकेक करून उघडणे. नातवाचा डबा, व्हॅन आली की चौकापर्यंत सोडणे, साडेबाराला घेऊन येणे. दळण, गॅसचा नंबर लावणे, भिशीचे पैसे देणे. नातीला पहाटे हाक मारणे. सुनेला उशीर होणार असेल तर कणीक मळून ठेवणे. रात्री दोनदा आजोबांसाठी उठणे. एकतीस कामे निघाली. त्यांतली एकोणीस कोणी दुसऱ्याने कधीच केलेली नव्हती. मुलगा जिन्याच्या पायरीवर बसून ऐकत होता. यादी संपल्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही.

त्या दिवसापासून मी माझ्या नोंदीचा क्रम बदलला आहे. घरात कोणाला दुखापत झाली की पहिल्या भेटीतच मी दोन प्रश्न विचारते : हे माणूस घरात काय काय करत होते, आणि त्यांतले कोणते काम थांबल्याने आणखी कोणाला इजा होऊ शकते. या घरात दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर समोरच्या पलंगावर निजलेले होते.

यादी झाली म्हणून घर सावरले असे मात्र नाही. उलट आता वाटणी करायची वेळ आली आणि भांडण उघड झाले. सुनेची बिनपगारी रजा संपत आली होती. आईला महिनाभर सिन्नरला नेते असे लेक म्हणाली, तर “मग अण्णांना कोण बघणार?” असा भावाचा सवाल. लेकीने वहिनीला सुनावले की आईने दोन वर्षे वडिलांचे केले, तुला चार आठवडे जड जात आहेत. त्यावर सुनेने रुग्णालयातली ती रात्र बोलून दाखवली; रात्रभर उशाशी बसलेली मी परकी ठरले आणि सकाळी फळे घेऊन आलेल्या लेकीला आईने ओळखले, असे ती म्हणाली. दोघींचेही खरे होते. मी तिथे बाहेरची होते. मी इतकेच केले की डेलिरियममध्ये माणूस कोणाला ओळखेल हे त्याच्या मायेवरून ठरत नाही, हे दोघींसमोर आणि आजींसमोर स्पष्ट सांगितले. आजींना त्या रात्रीचे काहीच आठवत नव्हते. त्यांनी सुनेला जवळ बोलावून तिच्या तळहाताला हात लावला आणि म्हणाल्या, “मला नाही गं आठवत. पण तू होतीस ना.” सुनेने हात सोडवून घेतला नाही.

अखेर ठरले ते असे. एका ब्युरोमार्फत दिवसा बारा तासांसाठी एक मावशी ठेवली, दिवसाला सातशे रुपये, एकवीस दिवस. चौदा हजार सातशे रुपयांपैकी निम्मे लेकीने दिले. योजनेतून शस्त्रक्रिया झाली तरी वॉकर, कमोडची खुर्ची, डायपर, पलंगाचे भाडे आणि ही मावशी हे सगळे खिशातूनच जाते, याचा हिशेब कुटुंबांनी आधीच करायला हवा. मुलाने साहेबांना विनंती करून महिनाभर सलग दुसरी पाळी घेतली, म्हणजे सकाळ त्याच्या हाती राहिली. गोळ्यांसाठी सात कप्प्यांची डबी आली आणि ज्याने गोळी दिली त्याने कॅलेंडरवर खूण करायची असा नियम झाला. लेक दर शनिवारी मुक्कामाला येऊ लागली. नातीला परीक्षा संपेपर्यंत कोणतेही काम सांगायचे नाही, हे आजींनी ठणकावले आणि सगळ्यांनी पाळले. नातवाला मी काम दिले : आजीने खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक फेरी मारली की वाटीत एक चिंचोका टाकायचा. पहिल्या दिवशी वाटीत दोन चिंचोके होते.

सर्वांत अनपेक्षित मदत आजोबांची झाली. मी दोघांचे पलंग समोरासमोर लावून घेतले. आजींचे व्यायाम दहा-दहा वेळा करायचे होते आणि आजोबा डाव्या हाताची बोटे मोडत ते मोजत. अडखळत का होईना, आकडे मोठ्याने म्हणत. आजींनी आठवरच थांबण्याचा प्रयत्न केला तर “न... नऊ” असा आवाज समोरून येई. पक्षाघातानंतर इतके नियमित बोलणे त्यांच्या तोंडून दोन वर्षांत झाले नव्हते.

पाणी कमी पिण्याचे कारण

तिसऱ्या आठवड्यात आजींना थंडी वाजून ताप आला आणि लघवीला जळजळ होऊ लागली. संसर्ग होता. विचारपूस केल्यावर कळले की त्या दिवसभरात जेमतेम तीन पेले पाणी पीत होत्या. मावशी सात वाजता गेली की संडासाला नेणारे माणूस म्हणजे कधी सून, कधी मुलगा, आणि “पोराच्या हातून हे करून घ्यायचं म्हणजे...” इतके म्हणून त्या थांबत. सुनेला थकून आल्यावर पुन्हा हाक मारायची नाही, मुलासमोर लाज सोडायची नाही, म्हणून त्यांनी पाणीच तोडले होते. वृद्ध स्त्रियांच्या बाबतीत हे मी अनेकदा पाहिले आहे आणि ते कोणीही आपणहून सांगत नाही. बद्धकोष्ठ, चक्कर, संसर्ग हे सगळे या एका लाजेतून उभे राहते. इथे पडद्याच्या आड कमोडची खुर्ची पलंगाला लागून ठेवली, तिची उंची वाढवली आणि पलंगावरून खुर्चीवर एकटीने सरकायचे तंत्र आजींना शिकवले. पाच दिवसांत त्यांना ते जमले. मग पाणीही वाढले.

पडण्यामागची कारणे

सहाव्या आठवड्याच्या एक्स-रेमध्ये हाड जुळत असल्याचे दिसले. तोपर्यंत मी आणि त्यांचे फॅमिली डॉक्टर मिळून पडण्याच्या कारणांचा माग काढत होतो, कारण गोणपाट हे त्यांतले शेवटचे कारण होते, पहिले नव्हे. निजलेल्या स्थितीत आजींचा वरचा रक्तदाब 148 आणि उभे राहिल्यावर तीन मिनिटांनी 122 भरला. वीस किंवा त्याहून अधिक अंकांची अशी घसरण चक्कर आणि तोल जाण्याचे कारण ठरू शकते. डॉक्टरांनी गोळीची मात्रा आणि वेळ बदलली. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू ‘परीक्षा झाल्यावर बघू’ म्हणून दोन वर्षे लांबणीवर पडला होता. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, सहा वर्षांपूर्वी अंगणात साधे अडखळून त्यांचे मनगट मोडले होते. उभ्याने पडून मनगट मोडणे ही हाडे ठिसूळ झाल्याची सूचना असते. तेव्हा प्लास्टर घातले, ते काढले आणि विषय संपला. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी आता झाली तेव्हा टी-स्कोर उणे 3.1 आला; उणे 2.5 आणि त्याखालच्या अंकाला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. ड जीवनसत्त्वाची कमतरता भरून काढून नंतर वर्षातून एकदा शिरेतून द्यायचे झोलेड्रॉनिक आम्लाचे इंजेक्शन सुरू झाले. मनगटाच्या वेळीच हे झाले असते तर, हा विचार मला या प्रकरणात वारंवार अस्वस्थ करतो. चाळिशी-पन्नाशीनंतरच्या ज्या बाईचे मनगट साध्या पडण्याने मोडते तिच्या हाडांची तपासणी व्हायलाच हवी आणि ती करा म्हणून घरच्यांनी मागे लागायला हवे.

मोरी मात्र अजून बाकी होती. आजी खोलीत वॉकरने चालत, अंगणात जात, पण स्वयंपाकघराच्या पलीकडे पाऊल टाकत नव्हत्या. उंबरा दिसला की त्यांचे हात वॉकरवर इतके घट्ट आवळले जात की बोटांची पेरे पांढरी पडत. हाड जुळले तरी पडण्याची भीती जुळत नाही. तिचा उपचार वेगळा करावा लागतो. मुलाने गवंडी आणून उंबरा फोडून उतार केला, फरशीवर खरखरीत टाइल बसवली, भिंतीला स्टीलचा दांडा ठोकला, गळका जोड बदलला आणि बाहेरच्या बाजूला रात्रभर जळणारा लहान दिवा लावला. तरी आजी जाईनात. मग आम्ही टप्पे पाडले : एक दिवस फक्त दारात खुर्ची टाकून बसणे, दुसऱ्या दिवशी कोरड्या फरशीवर चपलेसह एक पाऊल, आठवड्याने दांडा धरून उभे राहणे, मग ओल्या फरशीवर. परीक्षा संपलेली नात रोज हात धरून उभी असे. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आजींनी स्टुलावर बसून, दार लोटून घेऊन, एकटीने अंघोळ केली. बाहेर सून, नात आणि मी उभ्या होतो. आतून तांब्याचा आवाज येत होता, त्या लयीवरून त्या घाबरलेल्या नाहीत हे कळत होते.

सहा महिन्यांनंतर

खुर्चीतून उठून तीन मीटर चालत जाऊन परत येऊन बसायला किती वेळ लागतो, ही आमची एक साधी चाचणी आहे. बारा सेकंदांच्या वर गेले की पडण्याचा धोका धरतात. सहाव्या आठवड्यात आजींना वॉकर घेऊन 41 सेकंद लागले, तिसऱ्या महिन्यात काठीने 24 आणि जुलैमध्ये 15. काठी सुटलेली नाही, जिना दिवसातून एकदाच. आजोबांचा चट्टा दोन आठवड्यांत गेला होता. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया जूनमध्ये झाली.

वहीचे ते पान फ्रिजवर चिकटवलेले आहे. एकतीस कामांपुढे आता वेगवेगळी नावे आहेत आणि पाणी भरण्यापुढे मुलाचे नाव लाल शाईने लिहिले आहे. रात्री आजोबांसाठी उठण्याच्या पाळ्या वेगळ्या कागदावर आहेत. आजोबांच्या डाव्या हाताशी बॅटरीवरची बेल आहे आणि ती वाजली की ज्याची पाळी तो वरून खाली येतो. जुलैच्या भेटीत त्या कागदावर बुधवार आणि शनिवार या दोन रात्रींपुढे खाडाखोड करून ‘मी’ असे लिहिलेले दिसले. अक्षर आजींचे होते. मुलगा रागावला होता, सून गप्प होती. आजी म्हणाल्या, “त्यांना रात्री माझाच हात लागतो. तुम्ही सगळे उठता ते ठीक आहे, पण ते जागेच राहतात मग.” सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी आजींना आडवे निजवून रक्तदाब घेतला, उभे करून पुन्हा घेतला; फरक आठ अंकांचा होता. मग दिवे मालवून, फक्त मोरीकडचा लहान दिवा ठेवून, त्यांना पलंगावरून उठून काठीने आजोबांच्या पलंगापर्यंत जाऊन दाखवायला सांगितले. त्या दोनदा गेल्या, कुठेही अडखळल्या नाहीत. आजोबांनी दुसऱ्या फेरीला त्यांचा हात धरला आणि सोडला नाही. मी शनिवार खोडला, बुधवार ठेवला, आणि त्या रात्री सुनेने खाली पुढच्या खोलीतच गादी घालायची असे ठरले.